खाडा दिसू द्या



परिचारिकेची व्यावसायिक नीती आणि जबाबदारी, असा भला मोठा विषय मला दिलाय, आणि मिनिटं दिलीत आठ. ऐकणाऱ्यांत सिस्टर-ब्रदर असतील, नर्सिंगला शिकणाऱ्या मुली-मुलगे असतील. शपथ तुम्हाला पाठ आहे. भारतीय परिचर्या परिषदेची आचारसंहिताही परीक्षेसाठी घोकलेली आहे. ती पुन्हा वाचून दाखवण्यात मी वेळ घालवत नाही. मी आज एकच गोष्ट धरून बसणार आहे. आधी काम, मग सही. ही आपल्या नीतीची पहिली पायरी, आणि आपण घसरतो तेही इथेच.

काही जणी मनात म्हणत असतील, ‘बाई, ही तर कारकुनी झाली. नीती म्हणजे करुणा, सेवा.’ जरा थांबा.

आपल्या घरी दुधाचा रतीब असतो. स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं, शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन. दूध आलं नाही की त्या तारखेवर खाडा. पाहुणे आले, अर्धा लिटर जादा घेतलं, तेही त्याच चौकोनात. आता समजा, रोज कोण लिहीत बसणार म्हणून कुणी पहिल्या तारखेलाच तिसांच्या तीस चौकोनांत ‘एक लिटर’ लिहून टाकलं. कॅलेंडर कसं छान भरलेलं दिसेल! पण महिनाअखेरीला दूधवाला न आलेल्या दिवसांचेही पैसे मागेल, आणि तुम्ही ते मुकाट्याने द्याल. बोलणार कशाच्या जोरावर? तुमच्याच अक्षरात लिहिलंय ना!

आता वॉर्डात या. सकाळी सहाचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, रात्री दोनलाच भरून ठेवलेला असतो, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 20, 20, 20. दम्याच्या आजी 20, काल अपेंडिक्स काढलेला मुलगा 20, न्यूमोनियाचे आजोबा तेही 20. अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय! श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पुष्कळदा रक्तदाब कोसळण्याच्या आधी श्वासच वाढतो, हेही तुम्ही शिकलायत. रात्री दहाला 18, दोनला 22, पहाटे चारला 28. असा चढता आकडा कागदावर असेल तर डॉक्टरांना तुम्ही हाक मारालच, आणि नंतर ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घेणारीच्याही तो लगेच डोळ्यांत भरेल. तिन्ही वेळा 20 लिहिलंत, तर त्या पेशंटने दिलेली सूचना तुम्हीच खोडून टाकली.

आणखी एक उदाहरण घेते, कारण इथे चुकायला जागाच नाही. गरोदर बाईला झटके आले, मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, सुरू केलं. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. श्वास मिनिटाला किमान 16 हवा, गुडघ्याचा झटका, म्हणजे नी जर्क, मिळायला हवा, आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला निदान 30 मिलिलिटर झालेली हवी. का? तर हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी कमी झाली की ते अंगात साचतं. साचलं की आधी नी जर्क जातो आणि मग श्वास मंदावतो. त्यावर उतारा कॅल्शियम ग्लुकोनेटचा, आणि तो हाताशीच ठेवलेला असतो. पण औषध साचतंय हे कळलं तर उतारा देणार ना! श्वास न मोजता 20, पिशवी न बघता ‘लघवी व्यवस्थित’ असं कुणी लिहून ठेवलं, तर पुढची सिस्टर त्या कागदावर विश्वास ठेवून डोस देईल. तिची काय चूक? घरात दूध आहे असं कॅलेंडर सांगतंय म्हणून तिने चहाचं आधण ठेवलं. इथे मात्र चहावर भागत नाही, बाईचा जीव जातो.

म्हणून पुन्हा सांगते, आधी काम, मग सही. आणि काम झालं नसेल तर? तर खाडा. रकाना मोकळा, आणि शेजारी कारण. ‘पेशंट एक्स-रेला गेला.’ ‘औषध स्टोअरमध्ये नाही.’ ‘पेशंटने नको म्हटलं, डॉक्टरांना कळवलं.’ उशिरा लिहीत असाल तर काम केल्याची वेळ आणि लिहिल्याची वेळ, दोन्ही लिहा. चुकीचं लिहिलं गेलं तर त्यावर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि पुढे सही. पांढरा रंग फासायचा नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातला दिवा आपण दर 12 मेला लावतो. त्यांची वही मात्र विसरतो. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मेले, हे त्यांनी आकडे मांडून, आकृत्या काढून सरकारला दाखवलं. नुसत्या मायेने सरकार हललं नसतं.

आता तुमची तक्रार. ‘बाई, नाइटला वॉर्डात मी एकटी. खाटांवर पेशंट, खाली गाद्यांवर पेशंट. सगळं वेळेवर करायचं कसं?’ तक्रार खरी आहे. परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. पण जरा विचार करा. एकट्या सिस्टरने चाळीस जणांचा टीपीआर, सगळी इंजेक्शनं, सगळी सलाइन ठरल्या मिनिटाला केली असं तुमचाच कागद सांगतो. मग वरचे साहेब दुसरी सिस्टर कशाला देतील? कॅलेंडरवर खाडा नाही, म्हणजे दूध रोज आलं! खोटा भरलेला कागद पेशंटला फसवतो, आणि मनुष्यबळ कमी आहे याचा तुमच्याजवळचा एकुलता एक पुरावाही पुसून टाकतो.

नातेवाइकांनाही दोन शब्द. ‘सिस्टर, लिहीत काय बसलात, पेशंट बघा’ असं ओरडू नका. पेशंट बघून आल्यावरच ती लिहायला बसली आहे. उलट लिहिणं आधी आणि बघणं नंतर असं दिसलं, तर अवश्य विचारा. पण नीट विचारा.

गुप्ततेबद्दलही बोलायचं होतं. गुप्तता राखायला सांगणारा 2017चा एचआयव्ही कायदा आहे, आणि तरी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, मावशी-मामा आणि शेजारचे नातेवाईक ऐकतील अशा आवाजात ओव्हर दिलं जातं. त्यावर खरं तर वेगळं भाषण... पण काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत, दोनच मिनिटं उरलीत.

तेव्हा ही दोन मिनिटं इनचार्ज सिस्टर आणि मेट्रन यांच्यासाठी. मोकळा रकाना दिसला की तुम्ही राउंडला सगळ्यांदेखत झापता. ‘हे का भरलं नाही?’ ती पोर दुसऱ्या दिवसापासून सगळं भरून ठेवते. खोटं लिहायला तिला कुणी वर्गात शिकवलेलं नसतं, ते ती तुमच्या राउंडमध्ये शिकते. उद्या खाडा दिसला तर आवाज न चढवता विचारा, ‘का राहिलं? काय कमी पडलं?’ आणि जे कमी पडलं ते लेखी वर कळवा, तुमच्या सहीने. वरून उत्तर नाही आलं तर पुन्हा कळवा. आणि तुम्ही, आज नाइटला निघालेल्या मुलींनो, पेन खिशात ठेवा, आधी पेशंटच्या छातीकडे बघा आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. आकडा 20 आला तर 20च लिहा, माझी हरकत नाही.