यंत्रनौका : वेग आणि विवेक

(जलाशयकाठच्या गावांतील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी नौका वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. जेथे रस्त्याचा वळसा मोठा पडतो, तेथे नौका ही चैन नसून गरज आहे. म्हणूनच ती कशी चालविली जाते, याची काळजी साऱ्या गावाने वाहिली पाहिजे.

'हळू चालवा' एवढी सूचना पुरेशी आहे, असा आपला समज असतो. परंतु नौकेला मोटारीसारखा ब्रेक नसतो. पिछाडीला बाहेरून इंजिन बसविलेल्या नौकेत वळण्याचे बळ मुख्यतः पंख्याच्या रेट्यातून येते. गिअर काढला की सुकाणू जवळजवळ निष्प्रभ होते आणि वारा नौकेचा ताबा घेतो. म्हणून धक्क्याला लागताना वाऱ्याला किंवा प्रवाहाला तोंड देऊन, मधूनमधून गिअर घालीत यावे. वळताना नाळ आत येते, पण पिछाडी बाहेर झुकते व धक्क्यावर आदळू शकते, हेही ध्यानात असावे.

वेग वाढला की धोक्याचे रूप पालटते. वेग दुप्पट झाला तर आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी 36 किलोमीटर वेगाची नौका दर सेकंदाला 10 मीटर पुढे जाते. वेग घेताना नाळ उचलली जाऊन समोरचा ओंडका वा जाळे दिसेनासे होते. एकदम वळण घेतले तर माणसे बाहेर फेकली जातात. एकदम वेग तोडला तर नौकेचीच लाट मागून आत शिरते. तेव्हा वेग बेताबेताने उतरवावा, मगच वळावे. इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी चालकाने मनगटाला अडकवावी. तो पडला तर इंजिन तत्काळ थांबते. पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेताना पंखा फिरता ठेवू नये.

पंचायतीने नौकेची प्रवासी क्षमता धक्क्यावर ठळक अक्षरांत लिहावी आणि जीवरक्षक जाकिटाविना कोणालाही चढू देऊ नये. शिक्षकांनी मुलांना जाकीट बांधण्यास व नौकेत बसून राहण्यास शिकवावे. आणि आभाळ भरून आले असता जो चालक नौका सोडण्यास नकार देतो, त्याच्यावर रागावू नये. गावाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. पैलतीर उद्याही तेथेच असणार आहे.