लक्ष्मीविलास राजवाडा आणि आपले कपाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बडोद्याच्या सहलीवर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. मी सातवी शिकलेली बाई. लोणच्याच्या मसाल्यावर बोला म्हणाल तर तासभर बोलेन. पण राजवाडा आणि चित्रे यांवर मी काय बोलणार? तर त्या म्हणाल्या, "प्रत्येक दालनात उभ्या राहून सगळ्या बसचा खोळंबा तुम्हीच केलात. आता काय पाहिलेत तेही तुम्हीच सांगा." तेव्हा चुकले-माकले तर पदरात घ्या.

बडोद्याविषयी मला लहानपणापासून ओढ आहे, त्याला कारण आहे. माझे माहेर मालेगाव तालुक्यातले. तिथून कवळाणे गाव जवळच. या कवळाण्यात गायकवाडांच्या एका शेतकरी घरात १८६३ साली गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बडोद्याचे महाराज खंडेराव वारले होते, आणि त्यांच्यामागून गादीवर आलेल्या मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ साली दूर केले होते. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि कवळाण्याहून तीन मुलांना बडोद्यास नेण्यात आले. "इथे कशाला आलात?" असे विचारल्यावर गोपाळ म्हणाला, "राज्य करायला!" अशी गोष्ट आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळाचे सयाजीराव झाले. वय बारा वर्षांचे, आणि अक्षरओळखही नाही! लिहिणे-वाचणे तिथून पुढे सुरू झाले. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे यातूनच निघाले असे मला वाटते.

आता राजवाडा. लक्ष्मीविलास १८९० साली पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज स्थापत्यकाराचा. हा वाडा कोसळेल अशी धास्ती त्यांनी घेतली होती असे सांगतात. ते १८८१ साली वारले आणि पुढचे काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेले. वाडा मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ताठ उभा आहे! खर्च सुमारे १,८०,००० पौंड. आग्र्याचा तांबडा दगड, राजस्थानचा संगमरवर आणि आपल्या पुण्याकडचा काळा-निळा दगड त्यात आहे. पुण्याचा दगड म्हटल्यावर आपल्यापैकी दोघी-तिघींनी भिंतीला हात लावून पाहिला, हे मी विसरले नाही.

आतला दरबार हॉल एवढा मोठा, पण मध्ये खांब एकही नाही. जमीन बारीक रंगीत तुकड्यांची. व्हेनिसकडच्या कारागिरांनी इथे येऊन घातलेली. पायांतल्या वहाणा बाहेर काढूनच आत जावे असे वाटले. फेलिची नावाचे इटालियन शिल्पकार काही वर्षे बडोद्यात राहिले आणि त्यांनी ब्राँझचे, संगमरवराचे पुतळे घडवले, तेही वाड्यात आहेत.

पण माझी नजर गेली ती वर. वरच्या मजल्यावर लाकडी नक्षीचे झरोके आहेत. खाली दरबार भरला, गाणे झाले, की राजघराण्यातल्या बायकांनी त्या जाळीआडून पाहायचे. आपण खाली मधोमध उभ्या होतो आणि वर पाहत होतो. भगिनींनो, माझ्या अंगावर काटा आला. एवढे हिरे-मोती अंगावर, पण खाली यायची मुभा नाही!

महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या. १८८० साली लग्न झाले, नाव चिमणाबाई ठेवले. त्यांच्याबरोबर तंजावरचे नाच-गाणे करणारे कलावंतही बडोद्यास आले. १८८५ साली त्या वारल्या. पुरा झालेला वाडा त्यांना पाहायला मिळाला नाही. त्याच वर्षी देवासच्या घाटग्यांची मुलगी दुसरी राणी म्हणून आली. त्याही चिमणाबाईच. महाराजांनी त्यांच्या शिक्षणाची सोय घरातच केली. कित्येक वर्षे त्या पडद्यात राहिल्या आणि मग पडदा सोडून महाराजांच्या शेजारी लोकांसमोर बसल्या. १९११ साली हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर एका लेखकाबरोबर त्यांनी इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. १९२७ साली पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी याच होत्या. जाळीआडची बाई व्यासपीठावर आली! आपल्यासारखी लहान-मोठी महिला मंडळे आज वर्धापनदिन साजरे करतात, त्यामागे अशा बायकांनी मळवलेली वाट आहे.

आता चित्रांकडे वळते. त्रावणकोरकडचे राजा रविवर्मा यांना सयाजीरावांनी बडोद्यास बोलावले. माणसांच्या तसबिरी तर त्यांनी काढल्याच, पण पुढे महाराजांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रे करून घेतली. नव्या वाड्यासाठीच ती होती. वाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे, तिथे रविवर्म्यांची बरीच चित्रे आपण पाहिली. ती इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा. मुलांना शाळेत नेण्यासाठी आवारात छोटी आगगाडी होती! १९६१ साली तिथे संग्रहालय झाले.

तिथे सीतेच्या भूमिप्रवेशाचे चित्र आहे. धरणीमाय लेकीला कवेत घेऊन चालली आहे आणि राम हात पुढे करून उभा आहे. त्या चित्रापुढे आपल्यातली एक आजी पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. मी विचारले, तर म्हणाल्या, "अगं, शेवटी माहेरच घेऊन गेलं गं तिला." यापुढे कुठल्या पंडिताने अधिक काय सांगायचे?

आणि खरी मौज पुढेच आहे. ही चौदा चित्रे राजवाड्यात जाण्याआधी मुंबईस लोकांना दाखवली गेली. पाहायला झुंबड उडाली. चित्रांच्या छापील प्रती काढून त्या घरोघर पोचवाव्यात, अशी सूचना सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना आधीच केली होती. हे माधवराव तंजावरकडचे मराठी गृहस्थ आणि बडोद्याचे दिवाण. १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईस छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. कमळात उभी असलेली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती तिथून निघाल्या आणि गरिबाच्या झोपडीतही भिंतीवर लागल्या. माझ्या आजीच्या देवघरात ती लक्ष्मी होती, धुराने काळवंडलेली. आजीने राजवाडा कधी पाहिला नाही, पण राजाच्या चित्रकाराचे चित्र तिच्या घरी होते.

बागेचेही तसेच. वाड्याभोवतीची बाग विल्यम गोल्डरिंग या इंग्रज माळीशास्त्रज्ञाने आखली. ते लंडनच्या क्यू बागेत तयार झालेले. हिरवळ, जुनी झाडे, माकडे आणि मोरही. त्याच आवारात पंधराव्या शतकाच्या आरंभीची नवलखी विहीर आहे, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी. ती बाग वाड्याची. पण विश्वामित्री नदीच्या काठी १८७९ साली महाराजांनी दुसरी मोठी बाग लोकांसाठी केली, ती सयाजीबाग. तिच्यात १८९४ साली संग्रहालय उभे केले. इजिप्तची ममी आणि देवमाशाचा अजस्र सांगाडा आपण पाहिला तो तिथेच.

पुस्तकांचेही तेच. १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलांना आणि मुलींनाही. १९१० साली बोर्डन नावाचे अमेरिकन गृहस्थ आणून गावोगाव ग्रंथालये काढली. पुस्तकांच्या पेट्या भरून खेड्यांत फिरत. बारा वर्षांपर्यंत अक्षर न कळलेल्या मुलालाच ही तहान ठाऊक असणार.

इथे माझे थोडे सांगते. माझ्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा नदीपलीकडे. भावाला सायकल मिळाली, मला शिवणाची सुई. वडिलांना मी दोष देत नाही. पण आठवीचे पुस्तक मी भावाच्या पिशवीतून चोरून वाचत असे, हे आज पहिल्यांदा सांगते.

आणि आता कबुली. आपल्या मंडळाला देणगीत मिळालेल्या पुस्तकांचे एक लोखंडी कपाट आहे. गेली दोन वर्षे त्याची किल्ली माझ्याकडे आहे. पुस्तके हरवतील, कोणी पाने दुमडतील, म्हणून मी ते कुलूप लावून ठेवले. कोणी मागितले की "पुढच्या आठवड्यात पाहू" म्हटले. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंची मुलगी दोनदा विचारून गेली. नववीत आहे. तिसऱ्यांदा ती आली नाही.

बडोद्याहून परतताना बसमध्ये मला झोप लागली नाही. राजाने चित्रे लोकांना दाखवली, आणि मी सातवी शिकलेली बाई चार फळ्यांच्या कपाटावर पहारा देत बसले! जाळीआड मला कोंडल्याचे दुःख मी आयुष्यभर सांगितले, आणि दुसरीसाठी जाळी मीच विणली.

म्हणून ही किल्ली मी आज अध्यक्षीणबाईंच्या हाती देते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी कपाट उघडावे. वही घालून मी स्वतः तिथे बसेन. वर्गणी असो वा नसो, कोणाही मुलीला पुस्तक मिळावे. एखादे हरवेल, एखाद्यावर हळदीचा डाग पडेल. पडू द्या. माझ्या आजीच्या लक्ष्मीवरही धूर बसला होता. ती काही त्याने लहान झाली नाही.

त्या मुलीच्या घरी मी उद्या स्वतः जाणार आहे.