आडनाव आपलं नसतंच

(चिरनेर येथे नवरात्रातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत विषय छापलाय 'एका ग्रीक आडनावाची कुळकथा'. मंडपात शिरताना माझ्या पुढं दोन आजोबा चालले होते. एक दुसऱ्याला म्हणाले, "ग्रीक? आन् चिरनेरात?" दुसरे म्हणाले, "बस रं, चा तरी मिलंल." (हशा) चहा मिळणार आहे, असं अध्यक्षांनी मला सांगितलंय. तोवर ग्रीक सोसा.

मला आज एकच गोष्ट पटवायची आहे, आणि ती मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला पटवत आलोय. घरचे लोक आता उठून जातात. गोष्ट अशी, की आडनाव आपण घेत नाही, ते दुसरा आपल्याला लावतो. शेजारी लावतो, तलाठी लावतो, मास्तर लावतो, सावकार लावतो. आणि दुर्मीळ आडनाव म्हणजे थोर कूळ, हा जो आपल्याकडं समज आहे, तो साफ खोटा. दुर्मीळ आडनावाचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा आपल्या माणसांतून उठून परक्या गावात एकटा पडलेला माणूस.

साधी परीक्षा घेऊ. या मंडपात चिरनेरकर आडनावाचं कोणी आहे? हात वर करा. ... नाही ना? गावाच्या नावाचं आडनाव गावातच नाही! कारण चिरनेरात चिरनेरकर म्हणून कोणाला ओळखणार? सगळेच चिरनेरचे. इथला माणूस पोटामागं मुंबईला गेला, चाळीत राहिला, तिथं तीन रामचंद्र निघाले, की मग हा चिरनेरचा रामचंद्र. पोराला शाळेत घातलं, मास्तरांनी लिहिलं 'चिरनेरकर', झालं. 'कर' लागलं की समजावं, या घरानं ते गाव सोडलंय.

(श्रोत्यांतून : पेणमध्ये पेणकर आहेत की!)

असतील. बाहेर जाऊन परत आले असतील. (हशा) हसू नका, असं होतं. बरं, नसेलही झालं. पण एका पेणकरानं माझा सिद्धान्त मोडत नाही.

आता ग्रीक. इथं शेतकरी मंडळी बसलीत म्हणून विचारतो, 'रॅलीज' हे नाव कोणाकोणाला माहीत आहे? बघा, निम्मे हात वर. भातावर खोडकिडा आला की दुकानात जायचं, औषध मागायचं. त्या डब्यांवर, पाकिटांवर ते नाव असतं. मी एकदा कृषी सेवा केंद्रात उभा होतो. दुकानदाराला विचारलं, "हे रॅलीज म्हणजे काय हो?" तो म्हणाला, "कंपनी आहे, टाटांची." म्हटलं, ते झालं, पण नाव कशाचं? त्यानं विचार केला आणि म्हणाला, "पूर्वी मोर्चेबिर्चे काढत असतील." (मोठा हशा) मी त्याला नाव समजावायला लागलो. मागं युरियाला रांग लागली होती. एका बाईंनी मला सांगितलं, "बाबा, तुमचं औषध घ्या आन् बाजूला व्हा." झालो बाजूला. तिथं राहिलेलं आज तुम्हाला सांगतो, तुम्ही रांगेत नाही.

रॅली हे ग्रीक आडनाव आहे. माणसाचं आडनाव. एजियन समुद्रात, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी चिकटून, खिऑस नावाचं बेट आहे. तिथल्या झाडांना एक डिंक येतो, तो चघळायला तुर्की सुलतानांच्या जनान्यापर्यंत जायचा. बेट श्रीमंत, व्यापारी हुशार. त्यातलं एक घराणं रॅली. 1822 साली ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात तुर्की फौज बेटावर उतरली आणि कत्तल झाली. हजारो माणसं मारली, हजारो गुलाम म्हणून विकली. देलाक्रवा या फ्रेंच चित्रकारानं त्यावर भलंमोठं चित्र काढलं, ते पॅरिसला आहे. जे वाचले ते पांगले : मार्सेय, ओडेसा, अलेक्झांड्रिया, लंडन. रॅली घराण्यातले पाच भाऊ व्यापारात होते, काहींनी थोडं आधीच लंडनला पेढी घातली होती. त्यातला पांडिया रॅली एवढा मोठा झाला, की लंडनचे ग्रीक त्याला झ्यूस म्हणायचे. झ्यूस म्हणजे त्यांचा इंद्र. बघा, तिथंही नाव दुसऱ्यांनीच ठेवलं!

1851 साली रॅली ब्रदर्सनी कलकत्त्यात पेढी उघडली. दहाएक वर्षांत मुंबईत आले. तेवढ्यात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापसाकडं बघू लागल्या. मुंबईत त्या चार वर्षांत कसा पैसा आला आणि कसा बुडाला, ते तुम्ही वाचलेलं आहे, मी त्यात शिरत नाही. माझा मुद्दा वेगळा. खिऑस बेटावरून परागंदा झालेल्या घरातली माणसं वऱ्हाडातला कापूस घेत होती, आणि त्यांचं आडनाव मराठी शेतकऱ्याच्या तोंडात बसलं. पुढं ग्रीक गेले, मालक बदलले, कंपनी टाटांकडं आली. आडनाव राहिलं. मालक नसलेलं आडनाव आज औषधाच्या डब्यावर आहे!

आणि आता खरी मजा. हे आडनाव ग्रीक तरी आहे का? नाही. या घराण्याचा अभ्यास करणारे सांगतात, की मूळ नाव राऊल. राऊल हे फ्रेंच माणसाचं नाव. अकराव्या शतकात दक्षिण इटलीतून नॉर्मन लढवय्ये बायझंटाइन राज्यावर चालून गेले, त्यांतले काही तिथंच चाकरीला राहिले. त्यांच्यातल्या कोणा राऊलचं घराणं कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात मोठं झालं. ग्रीकांच्या तोंडी राऊलचं झालं रॅलिस. म्हणजे परक्या माणसाचं पहिलं नाव त्याच्या पोरांना आडनाव म्हणून चिकटलं. पोरं तोवर पक्की ग्रीक झाली होती. याच आडनावाचे तीन ग्रीक पंतप्रधान झाले, आजोबा, मुलगा, नातू. आजोबा दिमित्रिओस पाच वेळा. मुलगा जर्मनांच्या ताब्यातल्या ग्रीसचा पंतप्रधान झाला आणि त्यापायी तुरुंगात मेला. नातू 1980-81मध्ये. एवढं मोठं नाव, आणि ग्रीसमध्ये त्या मानानं थोड्याच घरांत. का थोड्या? कारण सुरुवात एका परक्या माणसापासून. इथल्या पाटलांशी तुलना करा. पाटील गावोगाव होता, म्हणून पाटील आडनाव गावोगाव.

ग्रीसमधला पाटील म्हणजे पापादोपुलोस. अर्थ, भटजीचा पोर. त्यांच्यात धर्मोपदेशकाला लग्न करता येतं, गावोगाव भटजी, म्हणून गावोगाव पापादोपुलोस. नुसतं शेपूट बघून तिथं माणूस कुठला ते कळतं. 'पुलोस' असेल तर बहुधा दक्षिणेकडचा पेलोपोनीज, 'आकिस' असेल तर क्रीट, 'ओग्लू' असेल तर आजचा तुर्कस्तान. 1923च्या करारानं बारा लाखांच्या आसपास ग्रीक ख्रिस्ती तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये आले, त्यांच्याबरोबर ही 'ओग्लू'वाली नावं आली. 'ओग्लू' तुर्की. आपल्याला ज्यांनी हाकललं त्यांच्या भाषेतली शेपटी आडनावाला घेऊन माणसं अथेन्समध्ये राहताहेत.

(श्रोत्यांतून : आमचे लोक राजस्थानातून आले, त्याचं काय?)

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. काही गावांत राजस्थान, काही गावांत पैठण, काही ठिकाणी थेट अयोध्या. आलेही असतील. मी नाही म्हणत नाही. पण मला अजून एक घर असं भेटलं नाही, जे म्हणालं, आम्ही शेजारच्या गावातून आलो, गरीब होतो, उपाशी होतो. कोणीच शेजारून आलेलं नाही! (हशा, काही कुजबुज) रागावू नका. माझ्या घरीही एक वंशावळ आहे, ती सूर्यापासून सुरू होते.

ग्रीक आपल्याकडं खूप आधीही आले होते, ते थोडक्यात. जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचा, किंवा त्याहून थोडा अलीकडचा लेख आहे : यवन इरिल, 'गतान' म्हणजे गतांपैकी, याचं दान, पाण्याच्या दोन पोढी. दुसरा यवन चित, तोही गतांचाच, त्यानं संघाला भोजनमंडप दिला. हे 'गत' कोण, यावर पंडितांनी पुष्कळ भांडून घेतलंय. एकानं तर जर्मनीकडचे गॉथ म्हटलंय. मला विचाराल तर महाराष्ट्राच्या दगडावरचं परदेशी कुळाचं एक फार जुनं नाव म्हणून ते बघावं. कार्ल्याला बघा, यवनांची नावं धम्म, सिंहधय अशी अगदी इथली होऊन गेलीत. तरी पुढं 'यवन' लिहिलंच. आता 'यवन' हे काय ग्रीकांनी स्वतःला ठेवलं? ते स्वतःला हेलीन म्हणतात. यवन आपण म्हणतो, ग्रीक रोमन म्हणायचे.

आता जरा शांतपणे ऐका. तुमच्या गावाबद्दल बोलतो.

25 सप्टेंबर 1930. अक्कादेवीचा डोंगर, जंगल सत्याग्रह, गोळीबार. चिरनेरला येऊन मी ही हकीकत सांगायची म्हणजे आगाऊपणा होईल. तुमच्या आज्या-पणज्यांनी ती तुम्हाला जास्त चांगली सांगितलीय. मी फक्त हुतात्म्यांच्या नावांकडं बघतो. आठ नावं आहेत. आज दुपारी मी ती पुन्हा वाचली, शेवटच्या शब्दापुरती. फोफेरकर, कातकरी, कोळी, न्हावी, म्हात्रे आणि पाटील. पाटील एकापेक्षा जास्त.

या यादीत आडनावाचा सगळा इतिहास आहे. पाटील हे पद, सरकारनं दिलेलं. म्हात्रे हे 'महत्तर'वरून आलं म्हणतात, तेही गावच्या कारभाऱ्याचंच नाव, फक्त फार जुन्या राजवटीतलं. न्हावी हा धंदा. कोळी ही जात. आणि धाकू गवत्या फोफेरकर, तुमचे चिरनेरचे हुतात्मे, त्यांच्या आडनावात चिरनेर नाही, दुसरंच गाव आहे! कधीतरी कोणी पूर्वज इथं येऊन राहिला, तुमच्या पूर्वजांनी त्याला विचारलं, कुठला रं तू? त्यानं सांगितलं. ते उत्तर पिढ्यानपिढ्या टिकलं. नाव ठेवलं चिरनेरनं.

आणि नाग्या महादू कातकरी. इथं मी दर वेळी थांबतो. वाडीवर कोण कोणाला कातकरी म्हणून हाक मारतं? सगळेच कातकरी. काथ करणारी ती जमात. त्यांची आपली कुळं आहेत, वाघमारे, पवार, मुकणे, हिलम. नाग्याच्या घरालाही वाडीत काहीतरी ओळख असणारच. कागद करणाऱ्यानं विचारलं नाही. माणूस डोंगरावरचा दिसला, जमात लिहिली, पुढं तेच आडनाव झालं. त्याच नावानं आज आपण त्याला वंदन करतो, आणि करावंच. मी फक्त एवढं म्हणतो, की ते त्याला कोणी लावलं हे विसरू नये.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

दहा मिनिटं? माझ्या घड्याळात... बरं, तुमचं घड्याळ खरं.

मग भराभर घेतो. पाटलांचं एक राहिलं. आडनाव इतकं पसरलं, की त्यानं माणूस ओळखताच येईना, म्हणजे ते आडनाव निकामी झालं. तेव्हा लोक दुसरी सोय करतात. या भागाच्या सगळ्यात मोठ्या नेत्याला कोणी पाटील म्हणायचं का? दि. बा.! दोन अक्षरं, आणि सगळ्या आगरी गावांना कळायचं कोण ते. (टाळ्या) नाही, विमानतळाच्या नावाबद्दल मी काही बोलणार नाही. मला परत जायला गाडी तुम्हीच देणार आहात. (हशा)

बेने इस्राएलींवर मी अर्धा तास ठेवला होता. आता दोन मिनिटं. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग 1849चं, बाजाराच्या गर्दीत तुम्ही कितीदा त्याच्यावरून गेला असाल. हे लोक सांगतात, गलबत फुटलं आणि अलिबागजवळ नवगावला सात पुरुष, सात बायका किनाऱ्याला लागल्या. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी नाव ठेवलं शनवार तेली. पुन्हा शेजाऱ्यांनी! आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहीमकर, म्हणजे आपल्या किहीमचे. पुस्तक छापलं गेलं 1937 साली, तेल अवीवमध्ये. 1948नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली. आज रायगडच्या खेड्यांची नावं अश्दोदच्या आणि दिमोनाच्या दारांवर आहेत. तिथल्या माणसाला केहीमकर हे अतिदुर्मीळ, कुठल्यातरी राजघराण्याचं नाव वाटत असेल. किहीमच्या माणसाला विचारा!

(घंटा.)

झालं, झालं. एक काम सांगतो आणि बसतो. दारापाशी एक वही ठेवली आहे, पेन दोरीनं बांधलंय, ते नेऊ नका. गावात सगळेच पाटील, म्हात्रे, तेव्हा तुमच्या घराला गावानं काहीतरी नाव ठेवलेलंच आहे. वडाखालचे, मोठ्या वाड्याचे, मिठागरवाले, कोणाच्या आजोबाच्या खोडीवरून पडलेलं काहीतरी. सातबाऱ्यावर ते नाही, आधारवर नाही. म्हाताऱ्या माणसांबरोबर ते जाईल. ते वहीत लिहा, आणि कोणी ठेवलं, कशावरून ठेवलं, तेही लिहा. चांगलं नसेल तर आधी लिहा, तीच जास्त जुनी असतात. (हशा)

त्या मागच्या आजी हात वर करताहेत. बोला आजी, माईक द्या त्यांना. ... काय? हे सगळ्यांसमोर सांगता येणार नाही म्हणताहेत. (प्रचंड हशा) मग वहीतच लिहा आजी, नातीकडून लिहून घ्या.