'राम' न म्हणता रामायण

सकाळी 'आजचा विषय' आला की चहाच्या आधी लिहायला बसणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्ष म्हणून थेट मुद्द्यावर येते. आपल्या व्हॉट्सॲप समूहांवर रोज काही ना काही उपक्रम असतो. कधी चित्रचारोळी, कधी अष्टाक्षरी, कधी अलक, म्हणजे अति लघुकथा. विषय बहुधा पाऊस, आई, सांजवेळ, नाहीतर पहिलं प्रेम. रात्रीपर्यंत कवितांचा ढीग लागतो आणि सकाळी सन्मानपत्रं निघतात: सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, उत्तम, उल्लेखनीय. त्यातून कुणी सुटत नाही! रोज लिहिण्याला माझी ना नाही, तो रियाज हवाच. तक्रार आहे ती विषयाबद्दल. 'पाऊस' म्हटलं की मृद्गंध, चिंब मन आणि छत्री विसरलेली ती, सगळं आयतं हाताशी येतं. शोधावं काहीच लागत नाही.

म्हणून मी म्हणते, विषय कमी द्या, अट जास्त घाला.

ही परदेशी टूम नव्हे. बारामतीच्या मोरोपंतांनी अठराव्या शतकात रामायणं रचली, परंपरा १०८ सांगते. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरं त्यात वर्ज्य. आता गंमत बघा. 'म' गेला म्हणजे 'राम' गेला. लक्ष्मण, भरत, हनुमान, बिभीषण, कुंभकर्ण, सगळेच गेले. रामकथा सांगायची आणि नायकाचं नावच घ्यायचं नाही! मग दर वेळी ठरवावं लागतं, या क्षणी हा कोण आहे? दशरथाचा लेक, सीतेचा नवरा, की रावणाचा वैरी? नाव अडलं की नातं पुढं येतं. फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेकनं फ्रेंचमधलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं 'ई' अक्षर गाळून कादंबरी लिहिली ती १९६९ साली. मोरोपंतांना जाऊन तेव्हा १७५ वर्षं झाली होती. पेरेकचं आपण कौतुक करतो आणि पंतांच्या रचनेला पंडिती कसरत म्हणून हात लावत नाही.

गद्य लिहिणाऱ्यांसाठी अमेरिकन कादंबरीकार जॉन गार्डनर यांनी दिलेला एक स्वाध्याय सांगते. युद्धात मुलगा गमावलेल्या बापाच्या नजरेनं शेतावरच्या कोठाराचं वर्णन करा. मुलगा, युद्ध, मृत्यू यांचा उल्लेख करायचा नाही. इथं अक्षराऐवजी दुःखाचं नाव वर्ज्य आहे, इतकंच.

आपल्या समूहावर साधी अट घालून बघा: बाजारातून आणलेली पिशवी ओट्यावर रिकामी करा, विशेषण एकही नको. 'हिरवीगार कोथिंबीर' बाद झाली की माणूस जुडीकडे बघायला लागतो. मुळांना माती, देठांना सुतळी आणि पाल्यात नोट. ती तिथं कशी आली, इथून कथा सुरू होते.

अटीनं प्रतिभा गुदमरते म्हणणाऱ्यांनी शेजारी बसलेल्या गझलकाराला विचारावं. अर्थात, अट पाळली म्हणजे कविता झाली असंही नाही. दिलेल्या ओळीवर रचलेल्या कितीतरी समस्यापूर्ती टाळ्यांपुरत्याच उरल्या.

समूहप्रशासकांना एक विनंती. रोजचं लेखन त्याच दिवशी टाकायची सक्ती काढा. महिनाभर ते वहीत राहू द्या. महिनाअखेर प्रत्येकानं त्यातलं एकच, पुन्हा लिहून पाठवावं. दुपारच्या सत्रात आपण पिशवीपासूनच सुरुवात करू. विशेषण दिसलं की मी खोडणार आहे.