बालाजी घाटावरची बैठक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय दिला आहे ‘ध्यान, मनःशांती आणि ऐक्य’. विषय थोर आहे आणि माझा अधिकार अल्प आहे. म्हणून तत्त्वज्ञानाच्या अरण्यात न शिरता मी आपणांस काशीच्या एका घाटावर नेणार आहे.

पण त्याआधी कालची एक गोष्ट सांगतो. ज्या घरी मी उतरलो आहे, त्या घरच्या वहिनींनी रात्री पाने वाढता वाढता मला विचारले, “भाऊसाहेब, घर झाले, मुले मार्गाला लागली, देवाच्या दयेने काही कमी नाही. तरी दिवेलागणीला जीव कासावीस होतो. गाव सोडले म्हणून असे होते का?” मला तत्काळ उत्तर देता आले नाही. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा यत्न आहे.

काशीच्या उत्तर भागात, पंचगंगा घाटाला लागून बालाजी घाट आहे. पेशवाईच्या काळात मराठी माणसांनी उभारलेला हा घाट. काशीत गंगेच्या काठाने चालत जा. शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याबाईंचा घाट अशी आपली नावे पावलोपावली भेटतात. पैठणच्या भट्ट घराण्याने तर तेथे पिढ्यान्‌पिढ्या विद्येची गादी चालवली. 1674 साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घराण्यातले. ही सारी माणसे आपल्यासारखीच घरापासून दूर गेलेली होती. रेल्वे नव्हती, तार नव्हती. गावाकडचे पत्र यायला महिने लागत. त्यांनाही दिवेलागणीला गाव आठवत असेल. त्यांनी काय केले? पायऱ्या बांधल्या, देऊळ बांधले, पाठशाळा चालवल्या.

या बालाजीच्या देवळात गेल्या शतकात एक मुलगा सनईचा रियाज करू लागला. त्याचे मामा अली बक्ष हे विश्वनाथाच्या मंदिराशी संबंधित सनईवादक. त्यांनी भाच्याला येथे बसवले. तोच पुढे उस्ताद बिस्मिल्ला खाँ म्हणून जगाला ठाऊक झाला. जन्म 1916 साली डुमरावचा. 2001 साली भारतरत्न. 2006 साली काशीतच देहावसान. पाच वेळा नमाज पढणारा हा श्रद्धावंत शिया मुसलमान, मराठ्यांच्या घाटावर, दक्षिणेच्या व्यंकटेशाच्या देवळात, वर्षानुवर्षे स्वर घोटीत बसला. त्या देवळात आपल्याला काही विलक्षण अनुभव आल्याचे ते पुढे सांगत. मामांची मात्र ताकीद होती की, काही दिसले तरी कोणाजवळ बोलायचे नाही. साधनेची जाहिरात करू नये, हे त्या अल्पशिक्षित घरात ठाऊक होते.

आता पतंजलींकडे वळू. मन आवरायचे तर अभ्यास हवा, असे ते म्हणतात आणि तो अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घालतात. तो दीर्घकाळ व्हावा, त्यात खंड पडू नये आणि तो ‘सत्कारा’ने व्हावा. सत्कार म्हटला की मंडळाच्या कार्यकर्त्यांना शाल आणि श्रीफळ आठवते! पतंजलींचा सत्कार वेगळा आहे. हाती घेतलेल्या कामाविषयी आदर, हा त्याचा अर्थ. बालाजीच्या देवळात तो मुलगा रोज एकेका स्वरावर तास घालवीत होता, तेव्हा त्याने योगसूत्रे वाचली नव्हती. पण त्या तिन्ही अटी तो पाळीत होता. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही नमाजानंतर त्यांचे मागणे एकच असे: एक खरा सूर मिळावा. ज्याला सारे मिळाले त्याने अजून मागावे ते एवढेच! ध्यान यापेक्षा निराळे ते काय?

कोणी म्हणेल, आमच्या धावपळीत असली निवांत बैठक कोठून आणायची? येथे मला एकनाथ महाराज आठवतात. भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका त्यांनी 1573 साली काशीतच पूर्ण केली. संस्कृतातले ज्ञान मराठीत उतरवल्याबद्दल काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारला, अशी परंपरेची कथा आहे. त्याच स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान येते. त्यांतला एक गुरू बाण करणारा कारागीर आहे. तो बाणाचे टोक सरळ करण्यात इतका गढला की, वाजतगाजत राजाची स्वारी समोरून गेली तरी त्याला कळले नाही. लक्षात घ्या, हा कारागीर गुहेत बसलेला नाही. तो भर रस्त्यावर, स्वतःच्या दुकानात आहे. त्याने गलबला थांबवला नाही. त्याचे लक्ष एका ठिकाणी स्थिरावले आणि गलबला आपोआप मागे सरला. वहिनी, कणीक मळताना, मशीन चालवताना, दवाखान्यात रुग्ण तपासताना ही बैठक साधता येते.

परंतु नुसत्या एकाग्रतेने शांती लाभते, असे आपले पूर्वज म्हणत नाहीत. एकाग्र तर बगळाही असतो! चित्त प्रसन्न राहण्याचा जो उपाय पतंजली सांगतात, तो पाहा. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, सज्जनाविषयी आनंद आणि दुर्जनाविषयी उपेक्षा. चारही गोष्टी दुसऱ्या माणसाशी निगडित आहेत. शेजाऱ्याची नवी मोटार पाहून ज्याच्या पोटात दुखते, त्याने कितीही वेळ डोळे मिटून बसावे, मन निवणार नाही. मनःशांती आणि ऐक्य हे दोन विषय नव्हेत, एकाच नाण्याच्या त्या दोन बाजू आहेत. मंडळाच्या वार्षिक सभेत तर या चारांपैकी उपेक्षेचा अभ्यास विशेष व्हावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

नाथांच्या चरित्रातील कावडीची कथा याच ठिकाणी उजळून निघते. गंगेचे पाणी रामेश्वराला अर्पण करण्यासाठी नेत असताना वाटेत वाळूवर तहानेने तडफडणारे गाढव त्यांना दिसले आणि ते पाणी त्यांनी त्याला पाजले. कावड तेथेच पोचली, असे त्यांना वाटले. ध्यानाने डोळे मिटतात ते अशी दृष्टी उघडावी म्हणून.

पुन्हा घाटावर येऊ. शेजारच्या पंचगंगेवर पाच नद्यांचा संगम मानतात: गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. बाकीच्या तिच्यात आहेत, हे श्रद्धेने जाणायचे. बालाजी घाटाचेही तसेच. बांधणाऱ्यांनी तो स्वतःसाठी बांधला असेल, पण त्यांनी बांधलेल्या जागेत एका मुसलमान मुलाला बसायला जागा मिळाली आणि तेथला सूर 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र भारताच्या स्वागताला दिल्लीत निनादला. बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही हे नसेल.

खाँसाहेबांना अमेरिकेत स्थायिक होण्याची विनंती झाली, तेव्हा तेथे गंगा कोठून आणणार, असा प्रश्न त्यांनी केला, ही गोष्ट आपण ऐकली असेल. ती ऐकून आपल्यासारख्यांच्या मनाला चुटपुट लागते, कारण आपण तर गंगा सोडून आलो. पण त्यांचीच दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. काशीबाहेर असले की ते विश्वनाथाच्या आणि बालाजीच्या देवळाच्या दिशेला तोंड करून बसत आणि थोडा वेळ का होईना, सनई तिकडे वळवून वाजवीत. नदी उचलून आणता येत नाही. दिशा मात्र बरोबर नेता येते.

वहिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. गाव सोडल्यामुळे दुःख होते, हे खरेच आहे. ते नाकारू नये. पण दिवेलागणीची ती कासाविशी म्हणजे मनाला आपली दिशा आठवत असते. त्या वेळी घटकाभर एका जागी बसावे. रोज बसावे, आदराने बसावे. आणि उठल्यावर जो कोणी दारात तहानेला उभा असेल, त्याला पाणी द्यावे.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके बसवली, मुलांना बाराखडी शिकवली. हा आपला घाट आहे. आता पुढील पन्नास वर्षांसाठी एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. या घाटाच्या पायरीवर, आपल्या भाषेचा नसलेला, आपल्या धर्माचा नसलेला एखादा मुलगा स्वर लावायला आला, तर त्याला जागा आहे ना? ती असेल, तर बालाजी घाट येथून दूर नाही.