गच्चीवरचा हॅलोजन

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला आणि मला आकाशाचं वेड लागलं. बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. तिथे खगोल मंडळाच्या कार्यक्रमांत सतरंजीवर रात्र रात्र जागलो. मग बढती, बदल्या, मार्च एंड. द्विनेत्री दुर्बीण माळ्यावर गेली ती ३० वर्षं.

निवृत्तीनंतर पाहिलं, तर मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे म्हणजे एक पुसट रेघ. म्हटलं, अंबरनाथ-बदलापूरच्या दिव्यांनी आकाश खाल्लं. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला. टाकी भरली का ते बघायला गच्चीवर गेलो, आणि तेच तीन तारे सुटे, लखलखीत! निम्मा दोष माझ्याच डोळ्यांचा. दुर्बीण उतरवली. बाणाखालचा तेजोमेघ सापडला. त्याचा प्रकाश सुमारे १३०० वर्षांपूर्वी निघालेला. जन्मभर आकडेमोड केली, तरी हा आकडा पचत नाही.

उरलेला दोष टाकीवरच्या हॅलोजनचा. तो लावायचा ठराव, सेक्रेटरी असताना, मीच मांडला होता! येत्या पौष अमावास्येला रात्री ८ ते ९ तो बंद ठेवू या. नातवंडांना आणा. जिन्यात टॉर्च घेऊन मी उभा राहतो. चटया मात्र आपापल्या.