शेक संपल्यानंतर



मेंदूत गाठ झालेल्या मुलाला किरणोपचार देतात, त्याला आपण 'शेक' म्हणतो. शेक संपतो, गाठ जाते, पोर शाळेत जाऊ लागतं. आणि पाच-सहा वर्षांनी घरातूनच बोल ऐकू येतात: सकाळी उठत नाही, धड जेवत नाही, जरा कणकण आली की आडवा होतो. आळशी झालाय, लाडावलाय. आज मला या मुलांची बाजू मांडायची आहे.

ताप आला, अपघात झाला, मोठी धास्ती बसली, की मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस खालच्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला निरोप धाडतो. ती एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते. ते पोचलं की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. रक्तदाब आणि साखर सावरून धरतं ते हे कॉर्टिसॉल.

छातीच्या एक्स-रेने यातलं काही बिघडत नाही, ती भीती नको. पण लहान मेंदूतल्या मेडुलोब्लास्टोमा या गाठीसाठी तिच्या जागी साधारण 54 ग्रे मात्रा जाते, आणि संपूर्ण डोक्यालाही शेक द्यावा लागतो. हायपोथॅलॅमस त्यात सापडतो. आधी वाढीचं संप्रेरक घटतं, उंची खुंटते. एसीटीएच त्या मानाने चिवट. बहुधा 30 ग्रेच्या वर मात्रा गेली तरच, आणि तेही कित्येक वर्षांनी, ते कमी पडतं. फसगत होते ती इथेच. सुरुवातीच्या तपासण्या चांगल्या येतात आणि सगळे निर्धास्त होतात. अधिवृक्क ग्रंथी जागच्या जागी असतात, त्यांना निरोपच येत नाही. मग कॉर्टिसॉल कमी पडतं; पोराला आपण आळशी म्हणतो, त्यामागे हेच असू शकतं. अशा वेळी साधा ताप, उलट्या किंवा छोटी शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळं क्लिनिक चालतं. तुमचं रुग्णालय कुठलंही असो, दरवर्षी जा. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासायला सांगा. कमी निघालं तर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. स्टेरॉईड म्हटलं की घरचे बिचकतात, गोळ्या परस्पर बंद करतात. कृपा करून तसं करू नका. शरीराला जे बनवता येत नाही, तेवढंच आपण बाहेरून देत असतो.

आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या, दप्तरात ठेवा, वर्गाच्या बाईंनाही दाखवा: तापात गोळी दुप्पट, उलटून पडली तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन, ताबडतोब.